माउंटन बाइकच्या टायरमध्ये हवा किती भरावी?
पंक्चरवाला सवयीने टायर दगडासारखा टणक करून देतो. डांबरी रस्त्यावर ते चालून जातं, पण सह्याद्रीतल्या मुरमाड वाटेवर असं चाक प्रत्येक खड्यावरून उडतं आणि वळणावर घसरतं. म्हणून गेज (हवेचा दाब दाखवणारा काटा) असलेला पंप घरीच ठेवा, महागड्या गिअरआधी तो घ्या. ट्यूबवाला २.२५ इंची टायर आणि ७० किलोचा चालवणारा असेल, तर मागे ३२, पुढे २९ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात करा. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र पाळा. मग एकेक-दोन पीएसआय कमी करत तीच वाट पुन्हा चालवून बघा. पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, तर ती दगड आणि रिममध्ये चिमटली आहे. तेव्हा हवा २-३ पीएसआयने वाढवा.