चाकोरीबाहेरचा डेक बांधताना

स्पर्धेत जो डेक, म्हणजे खेळाडूने स्वतः निवडून बांधलेला कार्डांचा गठ्ठा, कोणाच्याच अपेक्षेत नसतो, त्याला कार्डांच्या खेळातील जगभरचे खेळाडू 'रोग डेक' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा रोख कळपाबाहेरच्या उनाड प्राण्याकडे असला, तरी देवनागरीत लिहिल्यावर तो आजारच वाटतो. त्यामुळे नाशिकच्या इंदिरानगरात रविवारी दुपारी जमणाऱ्या आमच्या घोळक्यात कोणी असा डेक काढला की 'आता कुठला रोग जडला' ही चौकशी ठरलेली असते. त्या विनोदात तथ्य आहे, कारण असे बहुतेक डेक प्रतिस्पर्ध्यापेक्षा बांधणाऱ्यालाच अधिक छळतात. हा छळ कसा कमी करावा, याविषयी हे लेखन आहे. उदाहरणे पोकेमॉन कार्ड गेमची आहेत, कारण मी तोच खेळतो.

ज्यांना नियम ठाऊक आहेत त्यांनी हा परिच्छेद ओलांडण्यास हरकत नाही. डेक नेमका ६० कार्डांचा असतो आणि मूलभूत एनर्जी (अटॅकसाठी लागणारी कार्डे) वगळता एकाच नावाची जास्तीत जास्त ४ कार्डे ठेवता येतात. सुरुवातीच्या ७ कार्डांत निदान एक बेसिक, म्हणजे थेट पटावर मांडता येणारा, पोकेमॉन हवाच; नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड उचलण्याची मुभा मिळते. प्रत्येकाची ६ कार्डे प्राइझ म्हणून पालथी बाजूला ठेवली जातात; समोरचा पोकेमॉन बाद केला की आपल्या प्राइझमधून कार्ड घेता येते. एका टर्नला हातातून एकच एनर्जी जोडता येते आणि एकच सपोर्टर, म्हणजे मदतीच्या कार्डांचा एक प्रकार, खेळता येतो. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या टर्नला अटॅकही करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. सर्व प्राइझ घेणे, समोरच्याचा एकही पोकेमॉन पटावर न उरणे किंवा टर्नच्या आरंभी त्याला उचलायला कार्डच शिल्लक नसणे, असे जिंकण्याचे तीन मार्ग आहेत. यांतील तिसरा मार्ग बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला असतो, आणि चाकोरीबाहेरच्या डेकचा शोध पुष्कळदा तेथूनच सुरू होतो.

२०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत वेलॉर्ड ईएक्सचा ('ईएक्स' हा जादा ताकदीच्या पोकेमॉनचा वर्ग) एक डेक थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. वेलॉर्डची मार सोसण्याची क्षमता, म्हणजे एचपी, २५० होती आणि तो बेसिक होता. परंतु त्या डेकमध्ये अटॅक करून जिंकण्याचा विचारच नव्हता. वेलॉर्ड पुढे उभा करायचा, मार खायचा, जखमी झालेला परत हातात उचलून घ्यायचा आणि समोरच्याची कार्डे संपेपर्यंत तग धरायचा, एवढाच बेत होता. त्या काळातील वेगवान डेक स्वतःचीच कार्डे भराभर उचलून संपवत असत, म्हणून हा बेत चालला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक स्पर्धेत जपानच्या शिंतारो इतो याने मेगा ऑडिनो ईएक्स घेऊन विजेतेपद मिळवले. स्पर्धेपूर्वी त्या कार्डाकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. मात्र त्याचा अटॅक कोणत्याही एनर्जीवर चालत असे आणि त्याच टर्नला सपोर्टर खेळला असल्यास समोरच्याच्या बेंचवरील, म्हणजे मागच्या राखीव रांगेतील, एका पोकेमॉनला ५० डॅमेज करत असे. त्या वर्षी 'नाइट मार्च' हा डेक जोरात होता आणि त्यातील जोल्टिकचा एचपी अवघा ३०. एका अटॅकमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन पोकेमॉन बाद होऊ लागले, तर असा डेक किती काळ टिकणार?

ही दोन्ही उदाहरणे सांगण्याचे कारण असे की, त्यांतील विचित्र कार्ड हौसेखातर निवडलेले नव्हते. त्या वर्षीच्या लोकप्रिय डेकांनी उभ्या केलेल्या एका विशिष्ट प्रश्नाचे ते उत्तर होते. आपल्याकडे नेमके उलटे होते. एखादे कार्ड आवडते, ते स्वस्तात मिळते (जे कोणी खेळत नाही ते स्वस्तच असते), आणि मग त्याच्यासाठी प्रश्न शोधण्यास सुरुवात होते. मीही असे दोन डेक बांधले होते. ते आता बुटांच्या खोक्यात पडून आहेत.

तेव्हा पहिले काम कागदावरचे आहे. सध्या जे पाच-सहा डेक सर्वाधिक खेळले जातात, म्हणजे ज्याला खेळाडू 'मेटा' म्हणतात, त्यांची नावे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट नोंदवावी: हा डेक कशावाचून अडतो? कोणाला दुसऱ्या टर्नपर्यंत बेंच भरलेला हवा असतो, कोणाला डिस्कार्डमध्ये, म्हणजे वापरून टाकलेल्या कार्डांच्या ढिगात, एनर्जी साचलेली हवी असते, तर कोणाची सारी मदार एखाद्या ॲबिलिटीवर, म्हणजे पोकेमॉनच्या अटॅकखेरीजच्या खास गुणावर, असते. यादीतील निम्म्याहून अधिक नावांपुढे एकच उत्तर आले, तर तेथे वार करण्यास जागा आहे असे समजावे. प्रत्येक नावापुढे वेगळे उत्तर आले, तर त्या हंगामात सरळ मेटामधलाच चांगला डेक खेळावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

या पद्धतीचे अलीकडचे सुबक उदाहरण म्हणजे आयर्न थॉर्न्स ईएक्स. हा पोकेमॉन ॲक्टिव्ह, म्हणजे पुढच्या लढण्याच्या, जागेवर असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या 'रूल बॉक्स' असलेल्या, म्हणजे ईएक्स, व्ही अशा वर्गांतील, पोकेमॉनच्या ॲबिलिटी बंद पडतात. केवळ 'फ्युचर' वर्गातील पोकेमॉनना सूट असते. २०२४ मध्ये एकापाठोपाठ एक डेक नेमक्या अशाच ॲबिलिटींवर उभे होते. पिजिऑट ईएक्स दर टर्नला डेकमधून हवे ते कार्ड आणून देत असे, ओगरपॉन ईएक्स जादा एनर्जी जोडून वर एक कार्ड उचलून देत असे. त्या सर्वांसमोर ही एकच भिंत उभी करून चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेस याने होनोलुलू येथे जागतिक विजेतेपद मिळवले. मर्यादाही लक्षात घ्यावी: बिबारेलसारख्या साध्या, बाद झाल्यास एकच प्राइझ देणाऱ्या पोकेमॉनची ॲबिलिटी या भिंतीपुढे बंद पडत नाही, त्यामुळे ज्याचा डेक अशा साध्या पोकेमॉनवर चालतो त्याला आयर्न थॉर्न्सचे भय बरेच कमी. आपण निवडलेले उत्तर कोणत्या डेकपुढे निरुपयोगी आहे, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. ते न लिहिल्यास स्पर्धेच्या दिवशी आठवते.

कार्ड निश्चित झाल्यानंतरचा टप्पा बहुतेक जण चुकवतात. मुख्य कल्पना विचित्र असल्यामुळे सारा डेकच विचित्र असावा, असा मोह होतो. वस्तुतः वेगळेपणा दहा-बारा कार्डांतच असावा आणि उरलेली पन्नासच्या आसपास कार्डे इतकी नेहमीची असावीत की त्यांच्याकडे पाहून कंटाळा यावा. प्रोफेसर्स रिसर्च खेळून हात टाकून ७ कार्डे उचलणे किंवा बॉसेस ऑर्डर्सने समोरचा बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढणे यांत कोणतेही नावीन्य नाही. पण अशी कामे करणारी कार्डे हाती आली नाहीत, तर आपले नावीन्य डेकच्या तळाशीच राहते. माझा अंदाज असा की, कार्डे उचलून देणारे सपोर्टर आठ ते दहा आणि शोधून आणणारी कार्डे तितकीच, यांच्या खाली जाऊ नये. जागा कमी पडू लागली की दुसरी युक्ती वगळावी, पहिलीला आधार देणारी कार्डे वगळू नयेत. एका डेकमध्ये तीन युक्त्या कोंबल्या की एक ना धड, भाराभर चिंध्या.

येथे थोडे गणित करावेच लागते. एखादे कार्ड डेकमध्ये एकच असेल, तर ते पहिल्या ७ कार्डांत येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. दोन ठेवल्यास २२, तीन ठेवल्यास ३२ आणि चार ठेवल्यास जेमतेम ४० टक्के. म्हणजे कमाल संख्या ठेवूनही दहापैकी सहा वेळा ते सुरुवातीच्या हातात नसते. आता त्याच चार कार्डांना, ते थेट शोधून आणणाऱ्या चार कार्डांची जोड दिली, की आठांपैकी निदान एक हातात असण्याची शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण उलट्या बाजूनेही लक्षात ठेवावी: आडात पाणी आहे, पण पोहराच नाही, अशी अनेक हौशी डेकांची गत असते.

हेच गणित बेसिक पोकेमॉनना लावून पाहण्यासारखे आहे. आयर्न थॉर्न्सच्या धर्तीवर डेकमध्ये बेसिक पोकेमॉन केवळ ४ ठेवले, तर ६० टक्के वेळा पहिला हात बाद होतो. आठ ठेवल्यास हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर आणि बारा ठेवल्यास १९ टक्क्यांवर येते. प्रत्येक बाद हात समोरच्याला एक कार्ड देतो, म्हणून चार बेसिकांचा डेक बांधणाऱ्याने ही किंमत जाणूनबुजून मोजावी, आणि मोजण्यासारखे काही आपल्या हाती लागत आहे का, हे तपासावे. प्राइझचेही तसेच. एकुलते एक कार्ड प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता बरोबर १० टक्के असते, तर दोन ठेवल्यास दोन्ही अडकण्याची शक्यता एका टक्क्याहूनही कमी होते. ज्या कार्डावाचून डेकचा अर्थच उरत नाही, ते एकटे ठेवू नये.

आणखी एक कसोटी मी फार महत्त्वाची मानतो. मोठ्या स्पर्धांत सामना तीन डावांतील दोन जिंकण्याचा असतो, आणि या खेळात दोन डावांच्या मध्ये कार्डे बदलण्याची सोय नसते. आपली युक्ती केवळ समोरच्याला ठाऊक नसल्यामुळेच चालत असेल, तर ती पहिला डाव जिंकून देईल आणि पुढच्या दोन डावांत तोच समजून-उमजून खेळेल. नव्याचे नऊ दिवस हा हिशेब येथे वीस मिनिटांवर येतो. म्हणून सरावाच्या वेळी मी माझ्या डेकची पूर्ण यादी समोरच्याच्या हाती देतो आणि मग खेळतो. यादी वाचूनही त्याची अडचण सुटत नसेल, तरच त्या डेकवर पैसे खर्च करावेत.

सरावासाठी मूळ कार्डे विकत घेण्याची घाई करू नये. कॉलेज रोडवर झेरॉक्स काढून, कापून, जुन्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या वेष्टनात, सरकवली की घरच्या खेळापुरते काम भागते; अधिकृत स्पर्धेत मात्र अशी कार्डे चालत नाहीत. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह या मोफत ॲपवरही सराव होतो, परंतु तेथे पिसणे, मोजणे, नियमांची आठवण ठेवणे हे सारे यंत्र करते आणि हाताला सवय लागत नाही. मेटामधील निदान तीन डेकांविरुद्ध प्रत्येकी दहा डाव खेळावेत. दहापैकी सहा जिंकलो की चार, यावरून फारसे काही ठरत नाही, कारण इतका फरक निव्वळ नशिबानेही पडतो. हरलेल्या डावात शेवटी हातात कोणती कार्डे निरुपयोगी पडून होती, ही नोंद अधिक उपयोगाची असते. तेच ते कार्ड तीनदा वहीत आले, की त्याचे दिवस भरले.

कार्डे काढण्याच्या या कामाला आमच्याकडे 'विरळणी' असे नाव पडले आहे. आमच्यातील एक जण दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतला. घडातले मणी वेळीच कमी केले नाहीत तर उरलेले फुगत नाहीत, हे त्याला घरातच शिकायला मिळालेले, आणि म्हणून दुसऱ्याच्या डेकमधील कार्ड काढताना त्याचा हात मुळीच थरथरत नाही. आपला डेक विरळण्यासाठी असा माणूस जवळ ठेवावा, कारण स्वतःच्या लाडक्या कार्डाबाबत आपण न्यायबुद्धीने वागत नाही.

स्पर्धेच्या तयारीत माझी एक फजिती झाली होती. आमच्याकडे जूनपासून हवा दमट होते आणि त्या हवेत चकचकीत फॉइलची कार्डे वाकतात. माझ्या डेकमधील मुख्य चार कार्डे तेवढी फॉइलची होती आणि बाकीची साधी, त्यामुळे पिसलेल्या गठ्ठ्यात ती चार कोठे आहेत हे बाजूनेच दिसत होते. असा डेक 'खुणा केलेला' ठरू शकतो, मग हेतू कितीही स्वच्छ असो. पंचांनी समज देऊन सोडले, पण तेव्हापासून मी मुख्य कार्डे साधीच घेतो, सर्व स्लीव्ह एकाच नव्या पाकिटातील वापरतो आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाकतो. यादी लिहून देताना कार्डांची बेरीज ६० होते का, आणि प्रत्येक कार्डावर छापलेले, ते कोणत्या हंगामात वैध आहे हे दाखवणारे अक्षर त्या हंगामात चालते का, हे आदल्या रात्रीच पाहावे. नेहमीच्या डेकची यादी पंचांच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेलेली असते, आपली नसते.

वेळेचेही भान हवे. तीन डावांच्या सामन्याला सहसा ५० मिनिटे असतात. विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १ गुण मिळतो, म्हणून वेलॉर्डसारखा तग धरणारा डेक घेऊन गेलेल्याने आपल्या चाली झटपट केल्या पाहिजेत, नाही तर जिंकत आलेला सामना बरोबरीत सुटतो. मुद्दाम रेंगाळणे हा तर दंडनीय अपराध आहे. आपले कार्ड समोरच्याने कधी वाचलेले नसते, तो ते हातात घेऊन दोनदा वाचतो, शंका विचारतो. ही मिनिटेही हिशेबात धरावीत आणि कार्डाचा मजकूर शांतपणे सांगता येईल इतका पाठ ठेवावा.

मुंबईच्या स्पर्धेसाठी आम्ही सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडतो आणि जाताना डेकला हात लावायचा नाही असा नियम आहे, कारण गाडीत बदललेले कार्ड हटकून पश्चात्ताप देते. परतीच्या प्रवासात मात्र वही निघते. कोणत्या फेरीत कोणता डेक समोर आला, यादीत न धरलेले काय भेटले, आपली युक्ती ओळखली गेली ती कितव्या टर्नला, हे सारे स्मरणात ताजे असतानाच लिहून घेतो. कसारा घाटातील बोगद्यांत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे त्या वेळी दुसरे काही करण्यासारखेही नसते, आणि इगतपुरी येईपर्यंत पुढच्या रविवारी काढून पाहायच्या तीन कार्डांची नावे वहीत आलेली असतात.