थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: नागपूरला यायच्या आधी हे बघा

धरमपेठेतले आमचे काका निवृत्तीनंतर चियांग माईला राहतात, दिवाळीला मात्र घरी येतात. गेल्या खेपेला परतीच्या बॅगेत संत्रा बर्फी कोंबताना त्यांच्या लक्षात आलं, री-एंट्री परमिट, म्हणजे थायलंडात परत शिरायची आगाऊ परवानगी, काढलंच नव्हतं! ते न काढता थायलंड सोडलं की या व्हिसावर तिथं राहायला मिळालेली वर्षाची मुदतवाढ रद्द आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून. एका वेळचं परमिट १,००० बाट, अनेक वेळांचं ३,८००. निघण्यापूर्वीच इमिग्रेशन कार्यालयातून घ्या.

मुदतवाढीची फी १,९०० बाट, ते ठीक. खरी मेख पैशांची. बँकेतली शिल्लक दाखवून अर्ज करणार असाल तर ८ लाख बाट थाई बँकेत आधी दोन महिने पडून हवेत, मंजुरीनंतरही तीन महिने हात लावायचा नाही, पुढेही ४ लाखांखाली जायचं नाही. नातीच्या लग्नासाठी त्यातून काढू नका, बाप्पा. अर्जाला जाताना पासबुकात ताजी नोंद करून घ्या.

पासपोर्ट वर्षाच्या आत संपत असेल तर मुदतवाढही तेवढीच मिळते. नागपूरच्या मुक्कामातच नवा काढा, पण जुना जपून सोबत न्या. व्हिसाचे शिक्के त्यातच आहेत.