शिंपल्यांपासून हाडातील खनिज कसे तयार करावे

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिजाचा असतो आणि प्रयोगशाळेत तयार होणारे हायड्रॉक्सीअॅपेटाइट त्याच्याच जवळचे असते. शिंपल्यातील कॅल्शियम कार्बोनेटमधून कॅल्शियम मिळते. फॉस्फेट तेवढे बाहेरून द्यावे लागते. मराठवाड्याला समुद्र नसला तरी कोकणातून तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची टाकाऊ टरफले मागवता येतात, आणि उन्हाळ्यात गोदावरीचे पाणी ओसरल्यावर सापडणारे रिकामे शिंपलेही चालतात. ही कृती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावी.

शिंपले घासून, उकळून, वाळवून त्यांची बारीक पूड करावी. 10 ग्रॅम पूड मफल भट्टीत (प्रयोगशाळेतील उच्च तापमानाच्या बंद भट्टीत) 900 अंश सेल्सिअसला सुमारे तीन तास भाजल्यावर कळीचा चुना उरतो. त्याचे वजन 5.6 ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. जास्त भरल्यास भाजणी अपुरी राहिली असे समजून पूड पुन्हा भट्टीत ठेवावी.

गॉगल व हातमोजे घालून हा चुना 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात थोडा थोडा टाकावा, कारण तो विरताना पाणी चांगलेच तापते. दुसऱ्या पात्रात तेवढ्याच पाण्यात 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल 4.1 मिलिलिटर मिसळावे. हे द्रावण ब्युरेटमधून थेंबाथेंबाने चुन्याच्या निवळीत नव्हे, तर ढवळत ठेवलेल्या दुधाळ मिश्रणात सोडावे. खरी कसोटी शेवटच्या भागात लागते: सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) झपाट्याने उतरू लागतो आणि तो आम्लधर्मी झाला तर हवे ते खनिज न बनता ब्रशाइट हे कॅल्शियम फॉस्फेटचे दुसरेच खनिज तयार होते. म्हणून अमोनियाचे थेंब देत सामू 9 च्या वर राखावा.

मिश्रण दिवसभर तसेच ठेवून गाळावे, साका पुन्हा पुन्हा धुवावा, 100 अंशांवर वाळवावा आणि 800 अंशांवर दोन तास भाजावा. हिशेबाने सुमारे 10 ग्रॅम पांढरी पूड मिळायला हवी.

पाण्याबाबत तडजोड करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याकडील बोअरच्या जड पाण्यातले मॅग्नेशियम खनिजाच्या स्फटिकांत शिरते. किनवट तालुक्यातील काही गावांसारख्या ठिकाणी पाण्यात फ्लोराइडही असते आणि ते स्फटिकातील हायड्रॉक्सिलची (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या गटाची) जागा घेते. फ्लोरोसिसमध्ये, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे होणाऱ्या विकारात, दातांत व हाडांत हेच घडते.

भाजलेली चिमूटभर पूड ओली करून तीवर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकावा. गडद गुलाबी रंग आला तर चुना शिल्लक आहे. खात्रीसाठी क्ष-किरण विवर्तन आलेख (स्फटिकांवरून क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात ते दाखवणारा) काढावा. तांब्यापासून मिळणारे क्ष-किरण वापरल्यास 31.8 अंशांच्या कोनाजवळ या खनिजाचे सर्वांत उंच शिखर दिसते, आणि 37.4 अंशांजवळचे शिखर उरलेला चुना दाखवते. ही पूड कोणत्याही जखमेत वा दातात भरू नये. रोपणासाठीच्या खनिजाला आयएसओ 13779 मानक, जड धातूंच्या आणि जैविक चाचण्या लागतात. मात्र तिच्यात फ्लोराइड धरून ठेवण्याचा गुण असल्यामुळे बोअरच्या पाण्यावरील पुढील प्रयोगासाठी ती जपून ठेवावी.