क्लिकर, ट्रीट आणि शाब्बासकी : पद्धती एकत्र करताना या चुका टाळा

"ट्रीट हातात असली तरच ऐकतो हो, नाहीतर ओळखही दाखवत नाही." नाशिकच्या गोदापार्कवर सकाळी कुत्रा फिरवणाऱ्यांच्या गप्पांत ही तक्रार हमखास कानावर येते. कुत्र्याला लबाड ठरवून आपण मोकळे होतो, पण बहुतेक वेळा गोंधळ आपणच घातलेला असतो. तीन पद्धती तीन ठिकाणांहून उचलायच्या आणि सगळ्या एकाच दिवशी त्याच्यावर वापरायच्या, मग त्या बिचाऱ्याने कशाचा काय अर्थ लावायचा?

पद्धती तिन्ही चांगल्या आहेत. ट्रीट नाकापुढे धरून हवं तिकडे वळवणं म्हणजे ल्यूरिंग. कुत्रा आपणहून बसला किंवा शांत पडला की त्याच क्षणी बक्षीस देणं म्हणजे कॅप्चरिंग. आणि एखादी मोठी गोष्ट छोट्या पायऱ्यांनी, कुत्र्याच्या स्वतःच्या प्रयत्नांतून घडवत नेणं म्हणजे शेपिंग. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ सालीच एका लेखात आवाजाची खूण आणि खाऊ वापरून घरच्या घरी असं कसं शिकवायचं ते समजावून सांगितलं होतं.

सगळ्यात जास्त घोळ ल्यूरिंगमध्ये होतो, कारण हात रिकामा करायला आपण फार उशीर करतो. 'बस' शिकवताना ट्रीट नाकाला जवळजवळ टेकवा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर जातं, ढुंगण आपोआप खाली टेकतं. असं तीन-चार वेळा पुरे. त्यानंतर तोच हात, तीच हालचाल, पण बोटांत काही नाही. बसला की 'येस' म्हणा आणि ट्रीट दुसऱ्या हाताने, मागच्या डब्यातून काढून द्या. आठवडाभर ट्रीट दाखवतच राहिलात तर त्याच्या लेखी ट्रीट हाच कमांडचा भाग होऊन बसतो. शब्द जोडतानाही क्रम सांभाळा : आधी शब्द, मग सेकंदभर थांबून हाताची खूण. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हाताकडेच बघतो आणि शब्द वाया जातो.

दुसरी चूक म्हणजे ल्यूरिंगवरून थेट शेपिंगवर उडी मारणं. आजवर हात बघून चालणाऱ्या कुत्र्यापुढे तुम्ही एकदम गप्प उभे राहिलात तर तो हाताकडे टक लावतो, भुंकतो किंवा कंटाळून निघून जातो. मग आपण घाईने पुन्हा ट्रीट दाखवतो, आणि थांबून राहिलं की हात येतोच, हे तो पक्कं शिकतो. शेपिंगसाठी अशी वस्तू घ्या जिच्याशी ल्यूरिंगचा कधी संबंध आला नाही, उदाहरणार्थ जुनी सतरंजी. हात पाठीमागे ठेवा. क्लिकर म्हणजे दाबलं की 'टक' वाजणारी छोटी डबी. नुसतं तिकडे बघितलं तरी क्लिक, एक पाय पडला तरी क्लिक, आणि ट्रीट सतरंजीबाहेर टाका, म्हणजे तो परत वळून पुन्हा प्रयत्न करेल. पाचपैकी चार वेळा जमलं की पुढची पायरी. दोनच वेळा जमत असेल तर पायरी खाली आणा. इथे आपला अहंकार मध्ये येऊ देऊ नका.

क्लिक म्हणजे खाऊ, दरवेळी. लक्ष वेधायला किंवा हाक मारायला क्लिकर वाजवाल तर त्याची किंमत संपली. 'शाब्बास' लाडाने दिवसभर म्हणत असाल तर तो शब्द मार्कर, म्हणजे 'हेच बरोबर' सांगणारी खूण, म्हणून घेऊच नका. क्लिक झालं की काम संपलं, असंही कुत्रा शिकतो, म्हणून 'थांब' शिकवताना मध्येच क्लिक करून तो उठला तर त्याला रागावू नका.

आणि बक्षिसाच्या पद्धतीत मधूनच दरडावणं किंवा पट्ट्याचा हिसका घुसवू नका. प्रयत्न करण्यातच धोका आहे असं एकदा वाटलं की कुत्रा नवीन काही करून बघायचंच सोडतो, आणि शेपिंग तर पूर्ण त्या प्रयत्नांवरच उभं आहे.

घरात एक जण 'सिट' म्हणतो, दुसरा 'बस', आजी 'खाली बस रे बाळा'. एक शब्द ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

आता नाशिककरांसाठी कळकळीने सांगायची गोष्ट. आपल्याकडे द्राक्षं आणि मनुके घरोघरी असतात, आणि छोटा गोड दाणा ट्रीट म्हणून सोयीचा वाटतो. कुत्र्याला द्राक्ष, मनुका, बेदाणा यातलं काहीही देऊ नका. त्याने किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्लं तर चालेल याचा भरवशाचा अंदाज नाही. कांदा-लसूणही विषारी, म्हणून मिसळीचा रस्सा किंवा मसाल्यातलं चिकन नको. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा गाजराचे वाटाण्याएवढे तुकडे उत्तम. दिवसभरातल्या ट्रीट एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

घरात जमलेली गोष्ट सोसायटीच्या पार्किंगमध्ये विसरली जाते, हे स्वाभाविक आहे. नव्या जागी पायरी खाली आणा, दोन दिवस पुन्हा ल्यूरिंग केलंत तरी चालेल. मात्र चांगला बसणारा कुत्रा एकाएकी बसायला टाळाटाळ करू लागला तर पद्धत बदलण्याआधी व्हेटरनरी डॉक्टरांना दाखवा. कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर ट्रीटने ते बरं होणार नाही.