लातूरचा पाऊस नकाशात शून्य का दिसत होता
ईआरए५ (जगभराच्या जुन्या हवामानाचा तासातासाचा डेटा) चा पावसाचा डेटा क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला तर लातूरवर एका तासाला ०.०१२, म्हंजी जवळपास शून्यच, अन् त्या दिवशी वावरात पाणी साचलेलं. दोन दिवस फाईल खराब समजून परत परत डाऊनलोड केली राव. मग युनिट बघितलं, पाऊस मीटरमध्ये असतोय! रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (नकाशाच्या चौकोनांतल्या आकड्यांवर गणित करायचं साधन) १००० नं गुणलं, १२ मिमी आले. तरी दिवसाची बेरीज पर्जन्यमापकाशी जुळंना, कारण डेटा यूटीसीत (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) अन् आपला पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते ८:३०, म्हंजी यूटीसी ३ ते ३. प्रत्येक बँडमधी (फाईलमधला एका तासाचा थर) मागच्या तासाचा पाऊस असतो म्हणून पहिल्या दिवशीचे यूटीसी ४ ते दुसऱ्या दिवशीचे ३ असे २४ बँड जोडले. आता बरंच जुळतंय, पण डेटातला एक चौकोन पाव अंशाचा, साधारण २७ किमी, एकट्या शिवाराचा पाऊस त्यात घावत नाही.