मुलाचे काम मुलाच्या हाती सोपवताना

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ज्या साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह सुरू करून गरिबांच्या मुलांना स्वावलंबनाचा धडा दिला, त्याच साताऱ्यात आज चौथीतल्या मुलाचे दप्तर आई भरते आणि बुटाची नाडी आजोबा बांधतात. हे सारे मायेपोटीच घडते. परंतु सर्व काही आयते मिळणारे मूल हळूहळू ‘मला हे जमणार नाही’ असे धरून चालते. भीती वाटणाऱ्या गोष्टीपासून त्याला दूर ठेवले की तेवढ्यापुरते रडे थांबते, मात्र ती गोष्ट आपल्याला झेपते हा अनुभवच न मिळाल्याने पुढच्या खेपेस भीती अधिक घट्ट झालेली असते.

म्हणून एका वेळी एकच काम निवडावे आणि ते चुकांसकट मुलाकडे सोपवावे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दुकानात पाठवायचे असल्यास दुकान गल्लीतलेच असावे; पोवई नाक्यासारखा वर्दळीचा रस्ता त्याला एकट्याने ओलांडायला लावू नये, कारण येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज त्या वयात पुरता आलेला नसतो. पहिल्या दिवशी सोबत जावे, पण बोलणे मुलाने करावे. नंतर दहा पावले मागे राहावे. त्यानंतर दारातच थांबावे.

आमच्याकडे पहिल्या एकट्या खेपेस शेंगदाण्यांऐवजी फुटाणे आले आणि सुट्टे पैसे दुकानातच राहिले. दुकानदार ओळखीचे असल्याने माझा हात फोनकडे गेला होता, हे कबूल करतो. तो आवरला आणि चिरंजीवांनाच परत धाडले. कोपऱ्यावर ते क्षणभर घुटमळले, ‘काका, माझे सुट्टे राहिले’ हे वाक्य दोनदा पुटपुटले आणि गेले. आजींनी मात्र संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरला; तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

कृष्णेचे पाणी, विजेची बटणे आणि गॅस यांबाबतचा पहारा अर्थातच सैल करू नये. एरवी मूल बिचकले, तर काम रद्द न करता ते लहान करावे: दुकान नको वाटत असेल, तर शेजारच्या काकूंकडून विरजण मागून आणण्यास सांगावे, आणि वाटी हिंदकळली तरी खिडकीतून सूचना देऊ नयेत.