स्वतःच्या नावावरची कमाई : बेळगाव सीमाभागातील दिव्यांगांसाठी काम आणि कर्जाची वाट

घरातल्या दिव्यांग मुलाची किंवा मुलीची मासिक पेन्शन एकदा सुरू झाली की आपल्याकडील बहुतेक घरांत पुढचे प्रयत्न थांबतात. पेन्शन मिळालीच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. परंतु तेवढ्यावर कोणाचे आयुष्य उभे राहत नाही. निपाणी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील अनेक कुटुंबांचे अर्ज भरून देताना मला एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटत आली आहे : काम त्या व्यक्तीच्या नावावर असावे, कर्ज तिच्या नावावर असावे आणि येणारा पैसा तिच्याच खात्यात पडावा. पुढील माहिती त्या दृष्टीने, ज्या क्रमाने कामे करावी लागतात त्या क्रमाने दिली आहे.

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रापासून होते. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून आपले रुग्णालय निवडावे लागते, नंतर वैद्यकीय तपासणी होते आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत; त्यामुळे केवळ हातापायांचे किंवा दृष्टीचे व्यंग म्हणजे दिव्यांगत्व, ही जुनी समजूत आता चालत नाही. मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांचाही त्यात समावेश आहे. नोकरीतील आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. हे कार्ड देशभर चालते, आणि कोल्हापूर, इचलकरंजी किंवा गोव्यात कामाला जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी ही मोठी सोय आहे. राज्य सरकारच्या योजना मात्र रहिवासावर अवलंबून असतात, म्हणून ज्या राज्याचा रहिवासी दाखला आहे त्याच राज्याकडे अर्ज करावा.

कार्डासाठी अर्ज करण्यापूर्वी एक संध्याकाळ नावासाठी द्यावी. आपल्या मराठी घरांत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण नाव लिहिले जाते. कर्नाटकातील शाळेच्या दाखल्यावर मात्र वडिलांचे नाव पुष्कळदा एका इंग्रजी अक्षरापुरते उरते आणि रेशनकार्डावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले आडनाव तिसऱ्याच स्पेलिंगने येते. खानापूर तालुक्यातील एका तरुणाची पाच कागदपत्रे मी टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा त्यांवर त्याचे नाव चार तऱ्हांनी लिहिलेले आढळले. संगणक नाव जुळवताना ‘माणूस तोच आहे’ हे पाहत नाही, तो अक्षरे पाहतो. म्हणून आधी आधारकार्ड दुरुस्त करावे, त्याच्याशी बँकेचे खाते जुळवावे आणि मगच यूडीआयडीचा अर्ज भरावा. उलट क्रमाने गेल्यास पुन्हा सगळीकडे फेऱ्या माराव्या लागतात.

दुसरा अडथळा भाषेचा आहे, आणि तो आपल्या भागात खरोखरच मोठा आहे. कन्नडमधील सरकारी फलकांवर आणि अर्जांवर दिव्यांगांसाठी ‘विकलचेतन’ हा शब्द असतो, जुन्या कागदांवर ‘अंगविकल’ असतो. ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न, ‘वासस्थळ’ म्हणजे रहिवास आणि ‘सहायधन’ म्हणजे अनुदान. एवढे पाच शब्द ओळखता आले तरी समोरचा कागद कशाचा आहे हे कळते. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयात मिळतो, त्यावरील आर.डी. नंबर (दाखल्याचा क्रमांक) वहीत उतरवून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक ऑनलाइन अर्जात तो विचारला जातो. ठरावीक नमुन्याचा अर्ज शक्यतो कन्नडमध्येच भरून घ्यावा, म्हणजे तो भाषेच्या कारणाने अडत नाही. परंतु काम अडले आणि तक्रार करण्याची वेळ आली, तर ती मराठीतून देण्याचा अधिकार भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिलेला आहे. तक्रारीची पोच मागून घ्यावी.

या सर्व कामांत ग्रामपंचायत पातळीवर मदत करणारी एक व्यक्ती आहे, जिची माहिती अनेक घरांना नसते. कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमले आहेत आणि तालुका पातळीवर त्यांच्या कामाचा मेळ घालणारा कार्यकर्ता असतो. गावात त्यांना ‘व्ही.आर.डब्ल्यू.’ म्हणतात. हे कार्यकर्ते बहुधा स्वतः दिव्यांग असतात, त्यामुळे अर्जदाराची अडचण त्यांना फार समजावून सांगावी लागत नाही. पंचायतीत जाऊन पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) त्यांचे नाव विचारावे आणि आपल्या घरातील व्यक्तीची नोंद त्यांच्या यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्यावे.

आता कामाविषयी. दिव्यांग व्यक्तीसाठी काम निवडताना आपण फार लवकर मेणबत्त्या, अगरबत्त्या आणि कागदी पिशव्या यांवर येऊन थांबतो. माझ्या मते ही चूक आहे. जो माल आपल्या गावात रोज खपतो आणि जे काम आपल्या भागातील माणसांना ठाऊक आहे, तेच निवडावे आणि त्या कामातील नेमकी कोणती कृती जमत नाही, एवढेच शोधावे. बेळगावातील शहापूर-वडगावच्या विणकामाच्या मागांवर उभे राहणे जमत नसेल, पण बसून कांड्या भरणे जमेल. खानापूर येथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे; विजेच्या चाकावर काम करताना चाक फिरवण्याचे श्रम वाचतात आणि पायांत जोर नसलेला माणूसही भांडे घडवू शकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत व्हर्नियर आणि गेज ही मोजमापाची साधने लावून तयार भाग तपासण्याचे काम बसून होते आणि त्याला लागते ती नजर आणि चिकाटी.

पिठाच्या गिरणीचे उदाहरण थोडे जवळून पाहू. एका पायाला पोलिओ झालेल्या माणसाला गिरणी चालवता येत नाही, असे घरचे सांगतात. प्रत्यक्षात गिरणी सुरू करणे, दगडांतील अंतर कमी-जास्त करणे, पिठाचा स्पर्श बोटांत घेऊन ते बारीक झाले की नाही हे ठरवणे, वजन करणे आणि पैसे घेणे ही सारी कामे त्याला येतात. न जमणारी कृती एकच असते : धान्याचा डबा उचलून छातीच्या उंचीवरील चाडीत ओतणे. गिरणी जमिनीच्या पातळीवर बसवून तिच्या मागे दोन पायऱ्यांचा पक्का ओटा बांधला, तर ग्राहक स्वतः ओट्यावर चढून आपला डबा ओततो. ओट्याला लागतात विटा, सिमेंट आणि गवंड्याची एक दिवसाची मजुरी. कर्जाच्या अर्जासोबत जो प्रकल्प अहवाल द्यायचा असतो, त्यात या ओट्याचा खर्च वेगळ्या ओळीत अवश्य लिहावा. बँकेच्या अधिकाऱ्याच्या मनात ‘हा माणूस हे कसे करणार?’ हा प्रश्न असतोच. तो विचारण्याच्या आधीच त्याचे उत्तर कागदावर असलेले बरे.

नोकरी हवी असणाऱ्यांनी सरकारी आणि खासगी अशी दोन्ही दारे ठोठावावीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव असतात : अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर, चलनवलनविषयक दिव्यांग, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार यांसारख्या प्रकारांचा गट, अशी प्रत्येकी १ टक्का त्यांची विभागणी आहे. राज्य सरकारच्या नोकरीसाठी कन्नड यावेच लागते, म्हणून मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांनी कन्नडकडे दुर्लक्ष करू नये. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची मल्टी टास्किंग स्टाफची परीक्षा मात्र २०२३ पासून मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत देता येते, आणि सीमाभागातील मुलांना ही संधी चांगली आहे. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहिण्याचा वेग कमी आहे, त्यांना लेखनिक आणि ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. तो पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो.

खासगी कारखान्यांत आरक्षणाची सक्ती नाही. तरीही ज्या आस्थापनेत २० किंवा अधिक कामगार आहेत, तिने दिव्यांगांसाठी समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. मुलाखतीला जाताना हे धोरण विनयाने मागावे. त्याहून उपयोगी पडते ते म्हणजे आपल्याला कोणती सोय हवी हे एका वाक्यात सांगता येणे. फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्रेन सरकताना भोंगा वाजतो आणि तो कर्णबधिर कामगाराला ऐकू येत नाही. भोंग्याच्या तारेवरच एक फिरता लाल दिवा बसवला की हा धोका पुष्कळ कमी होतो. मालकाने ‘तुझी जबाबदारी कोण घेणार?’ असे विचारल्यावर गप्प बसण्यापेक्षा ‘एवढा दिवा लावून द्या’ असे सांगणारा उमेदवार कामावर घेतला जाण्याची शक्यता निश्चितच अधिक असते. मालकांनीही लक्षात ठेवावे की राज्य कामगार विमा योजनेत सामान्य कामगारासाठी २१,००० रुपयांची मासिक वेतनमर्यादा आहे, ती दिव्यांग कामगारासाठी २५,००० रुपये आहे. सरकारी सेवेत असताना ज्यांना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आले, त्यांना त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही अथवा खालच्या पदावर आणता येत नाही. घाबरून राजीनामा देऊ नये.

स्वतःचा व्यवसाय करायचा असल्यास सर्वप्रथम पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा विचार करावा. त्यात दिव्यांग व्यक्तीला विशेष गटाचा लाभ मिळतो : स्वतःची गुंतवणूक फक्त ५ टक्के, आणि अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के. समजा, खेड्यात २ लाख रुपयांचा गिरणीचा प्रकल्प आहे. अर्जदाराने १०,००० रुपये घालायचे, बँक १,९०,००० रुपये मंजूर करते आणि त्यांपैकी ७०,००० रुपये अनुदान म्हणून येतात. मात्र हे अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत अर्जदाराच्या नावे तीन वर्षे ठेव म्हणून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. ‘अनुदान आले, पैसे कुठे गेले?’ म्हणून कुटुंबात जे गैरसमज होतात, ते हे नीट न समजल्यामुळेच होतात. एकाच वेळी दुसऱ्या सरकारी योजनेचे अनुदान त्याच व्यवसायाला घेता येत नाही, पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो आणि विडी, सिगारेट यांसारखे उद्योग या कार्यक्रमात बसत नाहीत. निपाणीकडील वाचकांनी ही शेवटची अट विशेष ध्यानात घ्यावी.

याशिवाय राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त आणि विकास महामंडळाची स्वावलंबन योजना आहे. तिच्यात रकमेनुसार साधारण ५ ते ९ टक्के व्याजाने कर्ज मिळते. कर्नाटक सरकारची ‘आधार’ योजना छोट्या दुकानांसाठी आणि टपऱ्यांसाठी आहे. ५०,००० रुपयांपर्यंतच्या गरजेला मुद्रा योजनेचा शिशु गट पुरेसा असतो. यांपैकी काहीही निवडण्यापूर्वी जिल्ह्याच्या लीड (अग्रणी) बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत प्रशिक्षण घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो, कारण तेथे हिशेब लिहायला शिकवतात. रोज ये-जा करावी लागल्यास वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसचा सवलतीचा पास राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत मिळतो.

बँकेत अर्जदाराने स्वतः बोलावे. भाऊ किंवा वडील सोबत असू द्यावेत, पण व्यवसायाची माहिती अर्जदाराच्या तोंडून यावी. बोलता येत नसेल तर त्याने लिहिलेल्या कागदावरून किंवा खुणांच्या भाषेतून यावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही. दृष्टिहीन व्यक्तीला चेकबुक, एटीएम कार्ड किंवा लॉकर केवळ ती पाहू शकत नाही म्हणून नाकारता येत नाही, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. बँकेकडे दिलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

खाते कोणाच्या नावावर असावे, याविषयी घरात मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा अधिकार कायद्याने दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच दिलेला आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीला व्यवहारात आधार लागत असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळते. या समितीत जिल्हाधिकारी असतात, म्हणून चौकशी डी.सी. ऑफिसमध्ये करावी. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत अशा व्यक्तींना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. पालकत्व मिळाल्यानंतरही त्या व्यक्तीला दर महिन्याला पासबुक दाखवावे आणि तिच्या कमाईतून तिला हवी ती वस्तू तिच्या हाताने घेऊ द्यावी.

व्यवसाय सुरू झाल्यावर रोजची जमा आणि खर्च एका वहीत लिहावा, हप्त्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी खात्यात पैसे असावेत आणि यूडीआयडी कार्ड तात्पुरते असेल तर मुदत संपण्यापूर्वी फेरतपासणीचा अर्ज करावा. तिसरे वर्ष पुरे झाले की अर्जदाराने पासबुक घेऊन शाखेत जावे, ठेवलेले अनुदान कर्जखात्यात वळते झाले का ते विचारावे आणि उरलेल्या कर्जाचा नवा आकडा लेखी घेऊन यावा.